जोडी मोडली म्हणून पोरीचा खेळ बंद करू नका

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मी परभणीत टू-व्हीलरचं गॅरेज चालवतो. तुमचा पेपर रोज सकाळी गॅरेजवर येतो, आधी गिऱ्हाईक वाचतं, दुपारी ऊन चढलं आणि गर्दी कमी झाली की मग माझ्या हातात येतो आणि मी मागून म्हणजे खेळाच्या पानापासून सुरुवात करतो. 2025 चा मार्च संपता संपता त्या पानावर अगदी खाली कोपऱ्यात एक फोटो होता, बर्फावर एका मुलानं मुलीला डोक्याच्या वर एका हातावर उचलून धरलंय, आणि खाली दोन ओळी की बोस्टनच्या फिगर स्केटिंग वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये जर्मनीच्या जोडीला सिल्व्हर. नाव नाही, गाव नाही. वरचं सगळं पान आयपीएलचं. क्रिकेटवर माझा राग नाही, मी पण रात्री बसून बघतो, पण साहेब त्या मुलीचं नाव तरी छापायला पाहिजे होतं. मिनर्व्हा फाबिएन हासे तिचं नाव. आमच्या घरात दोन महिने झाले रोज हे नाव निघतंय, म्हणून हे पत्र लिहायला बसलो.

माझी लेक आता नववीत गेली. पाच वर्षं झाली स्केटिंग करते, बर्फावरचं नाही, आपलं चाकाचं, सिमेंटच्या कोर्टवर. आपल्याकडं स्केटिंग म्हणलं की लोकांना रेस वाटते, पण ही आर्टिस्टिक करते, म्हणजे गिरक्या, उड्या, म्युझिकवर. एका पायाला चार चाकं, पुढं रबराचा टो-स्टॉप. दोन पायाची मिळून आठ चाकं आणि सोळा बेअरिंग, ती मीच दर रविवारी खोलतो, पेट्रोलमध्ये धुतो, पुसतो आणि थेंबभर तेल सोडून बसवतो, कारण आमच्या कोर्टची धूळ अशी बारीक आहे की आठ दिवसात बेअरिंग घरघर करायला लागतं. मे महिन्यात सकाळी साडेपाचला जावं लागतं, साडेसातनंतर ते सिमेंट असं तापतं की पडलं तर खरचटतं ते वेगळं आणि भाजतं ते वेगळं.

दोन वर्षापासून ती पेअर करत होती. जोडीदार आमच्याच गल्लीच्या मागचा मुलगा, तिच्यापेक्षा दोन वर्षानं मोठा. लिफ्ट म्हणजे डोक्यावर उचलणं वगैरे काही नव्हतं, तेवढं वय नाही आणि तसं शिकवणारं पण इथं कोणी नाही, पण हातात हात धरून गिरकी, बाजूबाजूने एकाच वेळी उडी, दोघांची पावलं एका मापात, एवढं त्यांचं छान बसलं होतं. मागच्या वर्षी बाहेरगावच्या एका स्पर्धेला गेले, त्या गटात एकूण तीनच जोड्या होत्या आणि हे दुसरे आले. तो मुलगा हुशार. दहावीचा शेवटचा पेपर झाला की आठच दिवसात घरच्यांनी त्याला लातूरला टाकलं, नीटच्या बॅचला. लातूर पॅटर्न आपल्या अख्ख्या मराठवाड्याला माहितीय, त्याच्या आईवडिलांचं मी काही चुकीचं म्हणत नाही, त्यांच्या जागी मी असतो तर मी पण कदाचित हेच केलं असतं. जायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी तो गॅरेजवर आला, हातात त्याचे स्केट्स, लेस एकमेकीत बांधलेल्या. म्हणाला, काका तिकडं रूमवर ठेवायला जागा नाही, तुमच्याकडं ठेवता का. मी टायर ट्यूब टांगतो त्या खिळ्याला लावून ठेवले. अजून तिथंच आहेत.

त्यानंतर पोरगी कोर्टवर जाईना. सकाळी उठायची, बूट काढायची, परत ठेवायची. तिच्या आईनं विचारलं तर म्हणायली, "कुणासोबत करू? जोडीच राहिली नाही." जिथं शिकायला जाते तिथं मी विचारायला गेलो तर मला सांगितलं की जोडी नाही तर पेअरची एंट्री नाही आणि एकेरीला आता उशीर झाला, बाकीच्या मुली पुढं गेल्या. पाहुण्यात बोललो तर एकजण म्हणाले बरंच झालं की, पोरगी मोठी झाली आता, राहू द्या. हे "राहू द्या" मला फार लागलं साहेब. पाच वर्षं रोज पहाटे उठलेल्या लेकराचं एका वाक्यात राहू द्या.

मग तुमच्या पेपरात तो फोटो आला. मी घरी नेला, तिला दाखवला, आणि रात्री दोघांनी मिळून मोबाईलवर शोधलं ही जर्मनीची जोडी म्हणजे कोण. जे सापडलं ते तुमच्या वाचकांनाही सांगावं वाटतं.

हासे ही बर्लिनची, 1999 चा जन्म. 2014 पासून नोलान झीगर्ट नावाच्या मुलासोबत खेळत होती, म्हणजे पंधरा वर्षाची होती तेव्हापासून. आठ वर्षं एकच जोडीदार. 2022 च्या बीजिंगच्या हिवाळी ऑलिम्पिकला दोघं गेले आणि तिथं पोचल्यावर झीगर्ट कोविड पॉझिटिव्ह निघाला. टीम इव्हेंटमध्ये जर्मनीला त्यांच्याशिवाय उतरावं लागलं. नंतर तो बरा होऊन पेअरच्या स्पर्धेत दोघं उतरले खरे, पण आयुष्यभर ज्याची वाट बघितली त्याची सुरुवात अशी. आणि त्याच वर्षी ती जोडी थांबली. तेवीस वर्षाची मुलगी, हातात आठ वर्षाची मेहनत आणि सोबत कोणी नाही. माझ्या लेकीनं इथं मोबाईल पॉज केला आणि म्हणाली, पप्पा मग ती घरी बसली का?

नाही बसली. निकिता वोलोदिन म्हणून रशियाचा मुलगा, सेंट पीटर्सबर्गचा, तिच्याच वयाचा, त्याच्यासोबत तिनं नवी जोडी लावली. पण जोडी लावली आणि दुसऱ्या दिवशी स्पर्धेत उतरले असं नसतं. एका देशाकडून खेळलेल्या माणसाला दुसऱ्या देशाकडून खेळायचं तर जुन्या संघटनेची परवानगी लागते, मधे थांबायला पण लागतं, शाळा बदलताना टीसी काढावा लागतो तसंच समजा. 2022-23 चा अख्खा सीझन ते दोघं आंतरराष्ट्रीय स्पर्धेत नव्हतेच. बाकीचे मेडल घेतायत, फोटो येतायत, आणि हे दोघं रोज रिंकवर जाऊन पहिल्यापासून पावलं जुळवतायत. हे वर्ष मला सगळ्यात मोठं वाटतं, मेडलपेक्षा. आमच्या पोरीला तर दोन महिने निघाले नाहीत.

2023 मध्ये ते उतरले आणि पहिल्याच सीझनला ग्रांप्री म्हणून मोठ्या स्पर्धांची जी मालिका असते त्यातली फिनलंडची एस्पोची जिंकली, जपानची एनएचके ट्रॉफी जिंकली आणि डिसेंबरमध्ये बीजिंगला ग्रांप्रीची फायनल पण जिंकली. बघा, बीजिंग. पावणेदोन वर्षापूर्वी ज्या शहरात तिचं सगळं विस्कटलं तिथंच. मार्च 2024 मध्ये मॉन्ट्रियलला वर्ल्ड चॅम्पियनशिपचं ब्राँझ. डिसेंबर 2024 ला ग्रेनोबलला परत ग्रांप्री फायनल जिंकली, 2025 ला टॅलिनला युरोपियन चॅम्पियन झाले, आणि बोस्टनला जपानच्या रिकू मिउरा आणि र्‍यूइची किहारा यांच्यापाठोपाठ सिल्व्हर. फरक किती होता माहितीय का, 0.71 पॉइंटचा, दोनशे एकोणीसपैकी पाऊण पॉइंट पण नाही. त्या दोन ओळीच्या बातमीत हे पण मावलं असतं.

आता मी मॉन्ट्रियलच्या त्या पोडियमकडं परत येतो कारण मला आणि पोरीला सगळ्यात जास्त धीर तिथंच मिळाला. त्या दिवशी मेडल घ्यायला सहा जण उभे होते. सोनं कॅनडाच्या डिआना स्टेलाटो-ड्युडेक आणि मॅक्सिम डेशां यांना, चांदी मिउरा-किहाराला, ब्राँझ हासे-वोलोदिनला. आम्ही एकेकाचं बघत गेलो तर या सहाच्या सहा जणांची आधी दुसऱ्या कोणाबरोबर जोडी होती आणि ती मोडलेली होती. किहाराची तर मिउरा ही तिसरी पार्टनर, आधीच्या दोघींसोबत तो 2014 आणि 2018 अशी दोन ऑलिम्पिकं खेळून आलेला. आणि ती स्टेलाटो-ड्युडेक! ती 2000 साली एकेरीत ज्युनियर वर्ल्डची सिल्व्हर मेडलिस्ट होती, मग दुखापतीनं खेळ सुटला तो पंधरा-सोळा वर्षं सुटला, 2016 ला परत बर्फावर आली ती पेअरमध्ये, आणि चाळिसाव्या वर्षी वर्ल्ड चॅम्पियन झाली. आणि आमच्या चौदा वर्षाच्या पोरीला सांगतात उशीर झाला.

जर्मनीत तर हे आधी पण होऊन गेलंय. अल्योना सावचेन्को मूळची युक्रेनची, जर्मनीत येऊन रॉबिन शोल्कोव्हीसोबत खेळली, पाच वेळा वर्ल्ड चॅम्पियन, ऑलिम्पिकची दोन ब्राँझ, आणि 2014 ला शोल्कोव्ही निवृत्त झाला. ती तिशीत. सगळ्यांना वाटलं झालं आता. तिनं ब्रुनो मासो म्हणून फ्रान्सचा मुलगा घेतला, त्याला सोडायला फ्रान्सच्या संघटनेनं वेळ लावला. ऑलिम्पिकला दोघांचंही नागरिकत्व एकाच देशाचं लागतं, म्हणून त्याला जर्मन भाषेची परीक्षा द्यावी लागली आणि त्यात तो आधी नापास झालेला, खेळ सुरू व्हायला तीनेक महिने राहिले तेव्हा कुठं पासपोर्टचं काम झालं. 2018 ला प्योंगचांगमध्ये पहिल्या दिवशी शॉर्ट प्रोग्रॅममध्ये मासोची एक उडी तीनऐवजी दोनच गिरक्यांची झाली आणि ते चौथ्या नंबरवर. दुसऱ्या दिवशी साडेचार मिनिटाचा फ्री प्रोग्रॅम असा केला की दोन्ही दिवसांचे मिळून 0.43 पॉइंटनं चीनच्या जोडीला मागं टाकून गोल्ड. सावचेन्को तेव्हा चौतीस वर्षाची होती, तिचं पाचवं ऑलिम्पिक होतं ते. हासे लहानपणापासून ज्या देशात स्केटिंग शिकली तिथं हे सगळ्यांच्या डोळ्यासमोर झालंय, त्यामुळं जोडी मोडली तर पुढं काय करायचं हे तिथल्या पोरींना माहिती असतं. आपल्या पोरींना कुठून माहिती होणार, पेपरात नाव पण येत नाही तर.

एक गोष्ट मला मेकॅनिक म्हणून फार आवडली ती सांगतो. पेअरमध्ये थ्रो जंप म्हणून प्रकार असतो. मुलगा मुलीला कमरेला धरून वेगात फेकतो, ती हवेत तीन गिरक्या घेते, चांगली लांब जाते आणि एका पायावर उलट्या दिशेनं घसरत उतरते. ज्या पात्यावर उतरायचं ते साधारण चार मिलिमीटर रुंद, मधून खाच असलेलं, दोन्ही बाजूला कड, आणि उतरायचं त्यातल्या एका कडेवर. म्हणजे सायकलच्या स्पोकपेक्षा बारीक जागा. आम्ही हासेचा थ्रो स्लो करून वीस-पंचवीस वेळा बघितला असेल. फेकेपर्यंत त्याचा हात आहे. पण एकदा हात सुटला की हवेत ती एकटी, उतरताना पण एकटी, त्यात त्याला काहीच करता येत नाही, तो नुसता बघत असतो. पोरगी बराच वेळ बघत बसली आणि म्हणाली, "पप्पा, उतरायचं तर मला एकटीला पण शिकता येतं की." दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वापाचला तिनंच मला उठवलं.

आता थोडं कडू लिहितो, राग मानू नका. आपल्याकडं मुलगा-मुलगीची जोडी म्हणलं की लोकांच्या मनात आधी दुसरंच येतं. मुलानं हात धरला, कमरेला धरलं, हे त्या वयात बरं दिसत नाही असं मला तोंडावर ऐकवलंय, आणि ऐकवणारे वाईट लोक नव्हते, चांगले शेजारी आहेत. मी त्यांना एकच सांगितलं, एकदा सकाळी कोर्टवर या. दोघांचे गुडघे फुटलेले, कोपरं सोललेली, आणि डोक्यात एकच की त्याचा डावा आणि हिचा डावा एका वेळी पडला पाहिजे, दुसरा विचार करायला जागा कुठं आहे. एक शेजारी आले, बघितलं, आणि त्यानंतर ते काही बोलले नाहीत, उलट आता कधी कधी पोरीला पाण्याची बाटली भरून देतात. पण सगळेच येत नाहीत. आणि मुलींच्या बाबतीत आईबाप आधीच मागं सरलेले असतात, त्यामुळं जोडीदार गेला की घरच्यांना सुटका झाल्यासारखं वाटतं, हे मी माझ्याच घरात बघितलंय. हिची आई पण पहिले आठ दिवस तसंच म्हणत होती.

पैशाचं पण आहे. जर्मनीत हिवाळी खेळातल्या पुष्कळ खेळाडूंना सैन्य नोकरीवर घेतं, पगार देतं आणि खेळायला मोकळं सोडतं. हे आपल्याला नवीन नाही, आपल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे सैन्यात गेला म्हणूनच स्टीपलचेसमध्ये, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीत, एवढा पुढं गेला, बीड जिल्ह्यातल्या शेतकऱ्याचं पोरगं एशियन गेम्सचं गोल्ड घेऊन आलं. पण तो एकट्याचा खेळ. जोडीच्या खेळात दोघांची सोय लागते, दोघांचं गाव एक लागतं, दोघांच्या घरचे एका वेळी हो म्हणावे लागतात. म्हणून मुलं लातूरला, छत्रपती संभाजीनगरला किंवा पुण्याला क्लाससाठी गेली की पहिला बळी जोडीच्या खेळाचा जातो, तुम्ही कोणत्याही जिल्ह्यात विचारा.

बर्फाचं तर नावच नको. शिमल्याला 1920 पासून नैसर्गिक बर्फाचा रिंक आहे, थंडीत चार दिवस चालतो, डेहराडूनला 2011 साली दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धेसाठी मोठा रिंक बांधला आणि तो नंतर कित्येक वर्षं बंद पडून राहिला. आमच्या परभणीचा पारा उन्हाळ्यात चव्वेचाळीसच्या घरात जातो, आम्ही बर्फ मागत नाही. कोर्टचं सिमेंट दोन ठिकाणी उखडलंय तेवढं कोणी नीट करून दिलं तरी पुष्कळ आहे, तिथं चाक अडकून एक लहान मुलगी मागच्या महिन्यात पडली, हनुवटीला तीन टाके.

तर साहेब माझं मागणं दोन गोष्टींचं. एक, हिवाळी ऑलिम्पिकमधल्या पेअर स्केटिंगचा निकाल छापताना दोघांची नावं छापा आणि हासे तिथं पोचली तर ती कुठून कशी आली हे चार ओळीत सांगा, मेडल मिळो न मिळो. आमच्या कोर्टवर सकाळी तीस-पस्तीस पोरं असतात, त्यातल्या निम्म्याहून जास्त मुली, मी ते कात्रण कोर्टच्या जाळीला स्वतः लावीन.

दुसरं, तुमच्या जिल्हा पानावर एवढी एक ओळ घ्या की परभणीत आर्टिस्टिक रोलर स्केटिंग करणाऱ्या एका मुलीला पेअरसाठी सरावाचा जोडीदार पाहिजे, मुलगा चौदा ते सतराचा, आधी स्केटिंग केलेलं असावं, नसेल तर निदान तोल चांगला असावा आणि पडायची भीती नसावी. शाळा-क्लास सांभाळून करायचंय, रविवारी पूर्ण सकाळ आणि बाकी दिवस साडेपाच ते सात. घरच्यांनी सोबत यावं, आठ दिवस बसून बघावं, पटलं तरच पाठवावं. परभणीचाच पाहिजे असं नाही, पूर्णा, मानवत, जिंतूर, सेलू, जवळपासचा कुठलाही चालेल, येण्याजाण्याचं पेट्रोल माझ्याकडं. स्केट्स घ्यायची पण गरज नाही. लातूरला गेलेल्या मुलाला मी फोन करून विचारलंय, तो म्हणाला काका द्या कुणालाही, पण चाकं बदलून द्या, डावीकडची झिजलीत. सात नंबरचे आहेत. परवा रात्री खिळ्यावरून काढले, सोळाही बेअरिंग धुवून बसवलेत, डावी चार चाकं नवी आणायला टाकलीत, आठवड्यात येतील.

आपला,
एक वाचक, परभणी